आजीचं बोलणं कागदावर उतरवताना शुद्ध करायचं की तसंच ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या गावी जाऊन तुम्ही आजींचं आणि गावातल्या आणखी काही म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलंत. रजाकारी (निजामी संपतानाचे रजाकारांच्या जुलमाचे दिवस), बहात्तरचा दुष्काळ, ऊसतोडीच्या खेपा, लग्नं, भावकीची भांडणं, सगळं त्यात आलंय. आता त्याची छोटी पुस्तिका काढायची आहे. चुलतभाऊ म्हणतो, शुद्ध मराठीत लिही, नाहीतर आपलंच हसं होईल. पुण्यातली मैत्रीण म्हणते, अजिबात हात लावू नको, त्यातच तर गोडवा आहे. आणि आजी स्वतः म्हणतात, "नीट करून लिही माय, लोक हसतेल." तिघांतल्या कुणाचं ऐकायचं?

लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि कागदावर उतरवायचं, मराठवाड्यात हेच काम मी करत आले. म्हणून आधी माझं उत्तर सांगते, कारणं नंतर. आजींचे शब्द आणि व्याकरण जसंच्या तसं ठेवा. उच्चार अक्षरांतून दाखवायच्या नादी फार लागू नका. आणि जो नियम आजींना लावाल तोच सगळ्यांना लावा: पाटलांना, रिटायर मास्तरांना आणि मधूनमधून प्रश्न विचारणाऱ्या तुम्हालाही.

हे गावात आणि नात्यागोत्यात वाचल्या जाणाऱ्या पुस्तिकेपुरतं. तेच रेकॉर्डिंग उद्या जमिनीच्या दाव्यात लागणार असेल तर अक्षरही बदलता येत नाही. बोलीचा अभ्यास करणाऱ्याला तर अडखळणं, श्वास, अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळंच हवं असतं. कुणासाठी उतरवतोय हे आधी ठरवलं की निम्मे वाद मिटतात.

तुमच्या भावाचं आणि मैत्रिणीचं म्हणणं उलटसुलट वाटतं खरं, पण दोघंही आजींकडे पुण्याच्या बाजूनं बघतायत. एकाला त्या बोलण्याची लाज वाटते, दुसरीला कौतुक. बोली गोड असते असं म्हणणारा माणूस त्या बोलीत बँकेला अर्ज लिहीत नाही. आजींना हे दोघांपेक्षा चांगलं कळतं, म्हणून त्या "नीट करून लिही" म्हणतात. आणि एक बघा: तुम्ही प्रश्नात आजींचं वाक्य देताना "लिही" लिहिलंत. केजकडच्या त्या वयाच्या बाई बहुधा "लिव्ह" म्हणाल्या असतील. पण पुढचं "हसतेल" मात्र तुम्ही तसंच ठेवलंत, "हसतील" केलं नाहीत. काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निवाडा तुमच्या हातून आधीच सुरू झालाय, फक्त नकळत. तो जाणूनबुजून करायचा, एवढंच माझं सांगणं आहे.

ही लाज आली कुठून ते थोडं बघू. आपण जिला प्रमाण मराठी म्हणतो ती एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात घडली. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. त्यामागोमाग सरकारी शाळा, क्रमिक पुस्तकं, वर्तमानपत्रं आली आणि पुण्याकडच्या शिकलेल्या वर्गाचं बोलणं लिहिण्याचं वळण होऊन बसलं. हे सगळं घडत होतं तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथं १८८० च्या दशकात फारसी जाऊन कारभाराची भाषा उर्दू झाली. १९१८ ला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. वरच्या वर्गात शिकायचं तर उर्दूतून. आंबाजोगाईची योगेश्वरी किंवा हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा असे अपवाद होते, पण ते मोजक्यांच्या वाट्याचे. बाकी मराठी राहिली घरात, रानात, बाजारात आणि कीर्तनात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे पुस्तकातली मराठी आपल्या खेड्यांत पोचली ती तलाठी, एसटी आणि जिल्हा परिषदेची शाळा यांच्यासोबत. आजींच्या कानावर ती पहिल्यांदा पडली ती सायबाच्या तोंडून. "शुद्ध" या शब्दात त्यांना व्याकरण ऐकू येत नाही, खुर्ची ऐकू येते.

यावर उतारा म्हणून आपल्याकडे भाषणांत मुकुंदराज आंबाजोगाईचे, एकनाथ पैठणचे, नामदेव नर्सीचे, जनाबाई गंगाखेडच्या, असा पाढा म्हणतात. खोटं काहीच नाही त्यात. पण त्या पाढ्यानं आजींची भीती तसूभर कमी होत नाही. तुमच्या प्रस्तावनेत तो घालू नका.

आता कामाचं. उतरवताना मी बोलण्याचे तीन थर मनात वेगळे ठेवते: शब्द, व्याकरण आणि उच्चार. एक नमुना देते. तो कुणाच्या रेकॉर्डिंगमधला नाही, समजावण्यापुरता मीच रचलाय. त्यातली सुकडी म्हणजे दुष्काळात सरकारनं लेकरांना वाटलेला खाऊ, मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. आधी शुद्ध करून:

"१९७२ साली आमची विहीर आटली होती. मी आणि माझ्या जाऊबाई खडी फोडण्यासाठी जात असू. घरी मुलांना सुकडी दिली जाई. मिलो ज्वारीची भाकरी थापता येत नसे."

मग उच्चाराबरहुकूम:

"भात्तरच्या साली हीर आटली व्हती आमची. म्या आन् जावबाई खडी फोडाया जायचो. घरी लेकरायला सुकडी. मिलो आनला तर भाकर थापंना, हातातच तुटायची."

आणि मी लिहीन ते असं:

"बहात्तरच्या साली हीर आटली होती आमची. म्या अन् जाऊबाई खडी फोडायला जायचो. घरी लेकरायला सुकडी. मिलो आणला तर भाकर थापंना, हातातच तुटायची."

पहिला नमुना कलेक्टर कचेरीचा अहवाल झालाय. "दिली जाई" म्हटलं की देणारं सरकार येतं आणि लेकरं मागं पडतात. भाकर हातात तुटते ते तर गेलंच. दुसरा ओळखीचा वाटतो, पण तो वाचताना डोळा आधी अक्षरांना अडतो आणि दुष्काळाकडे नंतर जातो. तिसऱ्यात "लेकरायला", "म्या", "थापंना", "हीर" राहिलेत. हे सगळं व्याकरण आणि शब्द आहेत. "लेकरायला" म्हणजे लेकरांना, "बायायला" म्हणजे बायांना. पोरायला, माणसायला, सगळीकडे हाच नियम चालतो आणि आजी तो एकदाही चुकत नाहीत. नियम न चुकता पाळणाऱ्या बाईला अशुद्ध म्हणायचं कशाच्या जोरावर? "म्या"चं तर उलटंच आहे. जुन्या मराठीत "म्यां केलें" अशा ठिकाणी "म्यां" हेच रीतसर रूप होतं, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकांतही ते सापडतं. छापील भाषेनं ते नंतर टाकलं, आजींनी ठेवलं.

क्रियापदांची रूपं तर बदलूच नका. "काय करायलास?", "मी जायलोय", "पाऊस यायलाय", ही आपल्या भागाची ओळख आहे. "करायला लागलास" आटून "करायलास" झालेलं उघड दिसतं. हेच लातूर-उदगीर-देगलूरच्या बाजूला "करूलालास", "जाऊलालाव" असं होतं. "करतोयस" लिहिलंत की माणूस केजचा, उदगीरचा की सातारचा, काहीच कळत नाही. "मपलं-तुपलं"चंही तसंच. तुमच्या गावाहून दोन जिल्हे पलीकडे हा शब्द हसण्यावारी नेतात, तुमच्याकडे तो रोजचा आहे.

उच्चारांच्या बाबतीत मी हात आखडता घेते, आणि याचं कारण थोडं सविस्तर सांगायला हवं. आजी "पानी", "कोन", "आनला" म्हणतात. ते तसंच लिहिलं तर प्रामाणिकपणा झाला, असं वाटतं. पण पुण्यातले प्राध्यापक "ज्ञान" कुठं लिहिल्यासारखं म्हणतात? ते "द्न्यान" म्हणतात. "सिंह" तोंडात "सिंव्ह" होतो, "ऋषी"चा "रुशी" होतो, "विषय" आणि "आशय" यांतला ष-श कुणालाही वेगळा काढता येत नाही. तरी प्राध्यापकांची मुलाखत छापताना आपण "द्न्यान" लिहीत नाही. लिहिण्याची रीत आणि उच्चार यांत अंतर आहे ते सगळ्यांच्याच तोंडात. ते फक्त आजींच्या बाबतीत छापायचं, म्हणजे पक्षपात झाला. त्यातून ण आणि न हा नुसता उच्चार राहिलेला नाही. मुलाखतीत, वर्गात, सोयरिकीच्या बैठकीत समोरच्याची जात आणि शिक्षण जोखायचं माप म्हणून तो वापरला जातो. "आनी-पानी" म्हणून दाखवत कुणाची नक्कल केली जाते आणि कुणाची नाही, हे तुम्ही पुण्यात राहून पाहिलंच असेल. तेच माप आजींना आपण आपल्या हातानं कशाला लावायचं?

म्हणून ण-न, श-स असे भेद मी रूढ लेखनाप्रमाणे लिहिते आणि हे सुरुवातीच्या टिपणात एका वाक्यात सांगून टाकते. अपवाद दोन. ओवी, गाणं, म्हण असेल तर जसं म्हटलं तसंच, कारण तिथं यमक आणि ठेका उच्चारावर उभा असतो. दुसरा अपवाद "हीर", "इस्तू" यांच्यासारख्या शब्दांचा. ते विहीर आणि विस्तव यांचे उच्चार राहिले नाहीत, स्वतंत्र शब्द झालेत. "व्हती"च्या बाबतीत माणसं वेगवेगळं करतात. मी "होती" लिहिते पण "व्हय" ठेवते, कारण "होय" लिहिलं तर तो दुसराच कुणी बोलतोय असं वाटतं. यात थोडी मनमानी आहे. चालते, फक्त पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकच ठेवा. शुद्धलेखनाच्या नियमांचा धाक बाळगू नका. माणसाच्या तोंडची भाषा बोलल्यासारखी लिहायला ते नियमही मोकळीक देतात.

शब्दांकडे वळते. इथं चुका भाषेच्या होत नाहीत, माहितीच्या होतात. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये "पटवारी", "गिरदावर" (पटवाऱ्यांवरचा महसुली अधिकारी), "पोलीस पाटील", "माली पाटील" (महसुलाचं काम बघणारा) येणारच. शुद्ध करणारा माणूस "पटवारी"चा हमखास "तलाठी" करतो. पण निजामी गावात पटवारकी वतनाची होती, बापाकडून मुलाकडे जाणारी. तलाठी हा बदलीचा सरकारी नोकर. एखाद्या म्हाताऱ्यानं "पटवाऱ्यानं आमचं रान दुसऱ्याच्या नावावर केलं" असं सांगितलं असेल, तर त्या एका शब्दात गावातल्या कुठल्या घराची सत्ता होती ते आहे. तलाठी लिहिलंत की तक्रार बदली होऊन गेलेल्या कुणा कर्मचाऱ्यावर गेली. "मोंढा"चं "बाजार समिती" करू नका, "दस्ती"चा "रुमाल" करू नका. जमिनीच्या गोष्टीत "खासरा" (जमिनीच्या नोंदीचं पत्रक), "मुंतखब" (इनामाचा दाखला), "मदतमाश" (निर्वाहासाठी दिलेलं इनाम) असे शब्द निघाले तर ते नीट ऐकून, दोनदा विचारून लिहा. या भागातले जमिनीचे वाद अजून त्याच शब्दांत चालतात. कुळांचा कायदासुद्धा इथं वेगळा, १९५० चा, हैदराबादचा. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली तेव्हा जुनी दप्तरं उघडली, आणि मोडी नि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. आधीची कित्येक वर्षं त्या लोकांना कुणी विचारत नव्हतं.

एक गोष्ट माझ्या कामात पुन्हा पुन्हा दिसत आली. असे कचेरीचे शब्द पुरुषांच्या बोलण्यात जास्त येतात, आणि त्यातही वतनदार घरांतल्या पुरुषांच्या. कोर्ट, तहसील, शाळा त्यांनी पाहिलेली. त्याच गावच्या बायकांच्या बोलण्यात उर्दू येते ती बाजाराची, शेजारणीची, दखनी म्हणजे दख्खनच्या बोलीच्या वळणाची. दखनीनं आपल्याकडून "नको" घेऊन त्याचं "नक्को" केलं, आपला "च" उचलून "वहीच" केलं. आपण किती घेतलं त्याला मोजदाद नाही. एकनाथांनी हिंदू आणि तुर्काचा संवाद रचला तेव्हापासूनची ही देवघेव आहे. गावातल्या एखाद्या मुस्लिम आजोबांचं बोलणं तुमच्याकडे असेल तर तिथं सावध राहा. त्यांची मराठी सिनेमातल्या विनोदी पात्रासारखी लिहिली जाण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो. ते मराठी बोलत असतील तर मराठी लिहा. मध्येच दखनीत गेले तर दखनी वाक्य पूर्ण ठेवा, तिचं हिंदी करू नका.

ऊसतोडीच्या शब्दांना तर हातच लावू नका. "आमचा एक कोयता होता" असं आजींनी म्हटलं असेल. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) त्या जोडीची, हिशेब त्या जोडीचा, मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचं. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहते आणि तरी वेगळी मोजली जात नाही. त्या जागी "ऊसतोड दाम्पत्य" लिहिलंत तर वाक्य सुबक होईल आणि अन्याय नाहीसा होईल. "खाडा" म्हणजे कामावर न गेलेला दिवस, तोही तसाच ठेवा. बाळंतपणात पडलेल्या दिवसांनासुद्धा तोच शब्द आहे आणि त्याचे पैसेही कापले जातात.

आता सगळ्यात अवघड जागा. कोण कुणाला काय म्हणतं.

रेकॉर्डिंग पुन्हा ऐका आणि फक्त हाका ऐका. पाटलाच्या घरातला पोरगा सत्तरीच्या माणसाला "अरे गंप्या" म्हणायचा का? तो माणूस त्या पोराला "जी मालक" म्हणायचा का? एका पिढीपूर्वी आपल्या बहुतेक गावांत हे असंच होतं. कुणाच्या नावाला "राव" लागायचं, कुणाच्या नावाला "या" लागायचं, हे वयावर ठरत नव्हतं. जुन्या आठवणी सांगताना म्हातारी माणसं सहज त्या काळच्या हाका मारतात. उतरवणाऱ्याला अवघड वाटतं आणि तो हळूच "गणपत" करतो, "अहो" घालतो. तसं करू नका. गाव त्या हाकांनी बांधलेलं होतं आणि त्या पुसल्या तर वाचणाऱ्याला वाटेल, पूर्वी सगळे गोडीगुलाबीनं राहत होते.

आणि हे बदललं कसं तेही हाकांतच सापडतं. पूर्वी महारवाड्यातल्या माणसानं "जोहार मायबाप" म्हणायचं, ही रीत होती. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतली पोरं शिकून गावी परत येऊ लागली. १९५६ ला धर्मांतर झालं. "जोहार" गेलं, "जय भीम" आलं. जोहार खालून वर जाणारा होता. जय भीम बरोबरीच्या माणसाला घालायचा आणि तसाच परत घ्यायचा. पुष्कळ गावांत सुरुवातीला त्यावरून तणाव झाले. भाषेमुळे समाज बदलला की समाजामुळे भाषा, असं लोक मला विचारतात. या उदाहरणात दोन्ही एकाच वेळी झालं. शिकलेला पोरगा आला म्हणून शब्द बदलला, आणि शब्द बदलला म्हणून न शिकलेला बापही वाड्यासमोरून ताठ मानेनं जाऊ लागला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून १९७८ पासून १९९४ पर्यंत मराठवाडा का पेटला होता हे ज्याला समजत नाही, त्यानं आधी गावातल्या हाका ऐकाव्यात.

जातिवाचक शिव्या आल्या असतील तर मात्र थांबा. रेकॉर्डिंगमध्ये त्या राहू द्या, छापताना त्या जागी टिंबं द्या आणि तिथं काय होतं ते टीपेत सांगा. कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याआधी ज्याला ती शिवी दिली होती त्याचे नातू त्याच गावात राहतात, हा प्रश्न आहे.

शिवाय स्वतःचं निवेदन तपासा. मुलाखतींच्या मधल्या तुमच्या वाक्यांत "देशमुख काका म्हणाले" आणि "सखूबाई म्हणाली" असं झालंय का? हे नकळत होतं. वय सारखं असेल तर आदरार्थ सारखा हवा. घरात आजीला तुम्ही "अगं" म्हणत असाल तर पुस्तिकेत "आजी म्हणाली" ठीकच आहे, तो लळा आहे. पण मग शेजारच्या वस्तीतल्या आजीला "म्हणाल्या" लावा, कारण तिच्याशी तुमचा लळा नाही.

बायकांच्या बोलण्यात आणखी एक अडचण येते. त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "हे", "घरचे", "मालक", "पोराचे बाप" असंच चालतं, आणि एका गोष्टीत तीन पुरुष असले की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. तिथं मजकुरात नाव घुसवू नका. ज्या बाईनं साठ वर्षं नाव घेतलं नाही तिच्या तोंडी ते छापून येणं तिला आवडणार नाही. चौकटी कंसात नुसतं "आजोबा" किंवा "थोरला दीर" लिहा. नात्याचे शब्दही तसेच ठेवा. आजी सासूला "आत्याबाई" आणि सासऱ्याला "मामा" म्हणत असतील. मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न व्हायची आपल्याकडची जुनी चाल त्या शब्दांत बसलेली आहे. त्यांचं "सासूबाई-सासरे" केलंत तर नातं तेवढं राहील, चाल दिसेनाशी होईल.

काळाचंही तसंच. आजी "रजाकारीत" म्हणतात तेव्हा तिथं १९४८ लिहू नका. कुणाची रजाकारी सत्तेचाळीसला सुरू होते, कुणाची पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या त्या आठवड्यापुरती असते. "भूकंपाच्या साली" म्हणजे मात्र १९९३, किल्लारी, गणपती बोळवल्याची रात्र. तिथं साल समासात दिलं तर हरकत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण उतरवताना हे लागेल. पुण्याहून आलेल्या नातीशी आजी जरा नीटनेटकं बोलतात. मोबाईल समोर धरला की आणखी नीट. विल्यम लबाव या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हीच अडचण मांडली होती: लोक एरवी कसे बोलतात ते ऐकायचं असतं, पण ऐकायला कुणी बसलं की ते तसं बोलत नाहीत. ते लोकांना जिवावर बेतलेला प्रसंग विचारायचे, म्हणजे सांगणारा सांगण्यात बुडून जायचा. आपल्याकडे तेवढंही करावं लागत नाही. आजींच्या वयाची एखादी मैत्रीण शेजारी बसवा आणि तुम्ही गप्प राहा. दोघी एकमेकींना दुरुस्त करतात, भांडतात, आणि "जात होतो" म्हणणाऱ्या आजी दहा मिनिटांत "जायचो की गं" वर येतात. तुमच्या फायलींत एकाच आजींचं दोन तऱ्हेचं बोलणं सापडलं तर एक खरं आणि एक खोटं असं समजू नका. नातीशी बोलायची भाषाही त्यांचीच आहे. दोन्ही तशाच राहू द्या, फक्त तेव्हा जवळ कोण बसलं होतं ते लिहून ठेवा.

एवढं झाल्यावर आजींच्या मागणीकडे येते. त्यांनी "नीट करून लिही" म्हटलंय आणि पुस्तिका त्यांच्या बोलण्याची आहे. तुमची मैत्रीण काय म्हणते किंवा मी काय म्हणते यापेक्षा त्यांचं म्हणणं वरचं. पण "नीट" म्हणजे काय ते त्यांनाच विचारा. एका प्रसंगाचे दोन मसुदे करा, एक शुद्ध केलेला आणि एक मी वर सांगितल्यासारखा, आणि दोन्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. कागद त्यांच्या हातात देऊ नका, कानांनी ठरवू द्या. माझा अनुभव असा की शुद्ध मसुदा ऐकताना माणसं मान हलवत राहतात, जणू दुसऱ्याची गोष्ट ऐकतायत. दुसरा ऐकताना मध्येच तोंड घालतात, "तसं नव्हतं ते, आधी बैल गेला" म्हणून गोष्ट पुढं नेतात. तेही रेकॉर्ड करा. "हे काढून टाक" असं ज्याला म्हणतात ते बहुतेक वेळा भाषेतलं नसतंच. दिराशी झालेलं वाटणीचं भांडण, सुनेबद्दल निघून गेलेला एखादा शब्द, असं काहीतरी असतं. ते निमूट काढून टाका. आणि ऐकूनही आजींनी शुद्धच हवं म्हटलं, तर शुद्ध लिहा, पण आवाजाच्या मूळ फायली दोन ठिकाणी जपून ठेवा. प्रत्येक फायलीला गाव, तारीख, बोलणाऱ्याचं वय आणि जवळ कोण होतं एवढं लिहिलेलं असलं तर पुढं कुणालाही त्यावरून पुन्हा उतरवता येईल.

भावाला मात्र आजींच्या नावानं निर्णय घेऊ देऊ नका. हसं कुणाचं होईल अशी भीती त्याला वाटते, हे त्याला एकदा सरळ विचारा.

शेवटी तुम्ही विचारलंय, मागे कठीण शब्दांचा कोश द्यावा का. पुण्या-मुंबईकडे द्यायच्या प्रतींत त्याच पानावर खाली टीप द्या: मिलो म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी, कोयता म्हणजे काय, गिरदावर कोण. पण त्यात "अंतर्गत", "पुनर्वसन", "निकष" असे तुमच्या निवेदनातले शब्दही घ्या, कारण आजींच्या मैत्रिणींना वाचून दाखवणारं पोरगं तिथंच अडखळणार आहे. गावात वाटायच्या प्रतींत फक्त हेच दुसरे शब्द ठेवा.